राखेचं वावर

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट शिकवली गेली. दुपारी वारा सुटायच्या आत अंगणातली धुणी काढून घ्यायची. मी जळगावच्या गल्लीत वाढलेली. धुणी संध्याकाळी काढतात एवढंच मला माहीत. पहिल्या दिवशी मी विसरले आणि माझी लग्नातली पिवळी साडी दोरीवरच करडी झाली. झटकली तरी गेली नाही. माझी मोठी नणंद, जिला घरात लहानमोठे सगळे अक्का म्हणत, ती ओट्यावरून म्हणाली, "ते राखनं वावर शे ना, तठून येस."

राखेचं वावर म्हणजे आमचंच शेत. दोंडाईच्याहून आमच्या गावाकडे येताना नदीच्या अलीकडे एक पुठ्ठ्याचा कारखाना होता. त्याच्या बॉयलरला कोळसा लागायचा. स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी रिकाम्या व्हायच्या, तिथून बैलगाड्या आणि ट्रकांनी कोळसा यायचा, आणि जळून झाला की राख टाकायला जागा लागायची. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, नदीकाठचं आपलं वावर कारखान्याला भाडेपट्ट्यानं दिलं होतं. त्या बदल्यात थोरल्या मुलाला कारखान्यात टाइमकीपरची नोकरी लागली. तो माझा मोठा दीर. त्याला सगळे भाऊ म्हणत. गावात मनगटावर घड्याळ बांधून सायकलवरून कामाला जाणारा तो पहिला माणूस, असं आबा अभिमानानं सांगत. त्या वावरात आधी गहू कसा व्हायचा, हे मात्र फक्त अक्का सांगायची. तिच्या लहानपणी तिथली माती इतकी काळी होती की पायाला लागली तर नदीत पाय घासूनच घरी यावं लागायचं.

अक्का तेव्हा चाळिशीच्या आसपास असावी. तरुणपणीच ती सासरहून परत आली होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि हिला बैलगाडीत बसवून माहेरी आणून सोडलं. त्यावर घरात कोणी बोलत नसे, ती स्वतःही नाही. गुरं, चूल, शेतमजुरांच्या भाकरी, बाळंतपणं, सगळं ती करायची. आमची सासू मी येण्याआधीच गेली होती. अक्काला मी आधी घाबरायचे. तिचं बोलणं मला निम्मं कळायचं नाही, आणि तिला माझं बोलणं पुस्तकातलं वाटायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कधीतरी कारखाना बंद पडला. आधी टाळेबंदी, मग मालक गेला, मग यंत्रं गेली. भाऊ घरी बसले. घड्याळ मनगटावरच राहिलं. पट्टा संपला होता, त्यामुळे वावर आम्हाला परत मिळालं. ते बघायला आबा, भाऊ, माझा नवरा, अक्का आणि मी असे सगळे गेलो. डोक्याएवढे राखेचे ढीग आणि मधून मधून कोळशाच्या भुकटीचे काळे पट्टे. कुठे गवताची काडी नाही. मी चपला बांधावर काढून ठेवल्या, शेतात जाताना काढतात तशा. अक्कानं मला दंडाला धरून मागे ओढलं.

"पोरी, चप्पल घाल. खाले खंगर शे."

खंगर म्हणजे जळून दगड झालेला कोळसा, काचेसारखा धारदार. आणि धार नसेल तिथे आग होती. एका ढिगाच्या पोटात कोळशाची भुकटी आतल्या आत धुमसत होती, वरून काही दिसत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात शेजारच्यांची एक शेळी त्यात गुडघ्यापर्यंत गेली. तिचा पाय वाचला नाही.

आबा बांधावर बसून राहिले. भाऊ म्हणाले, "ही जमीन मेली. सोडून द्या." माझ्या नवऱ्यानं मान हलवली. भाऊ बोलले की त्याची मान हलायची, ही सवय त्याची शेवटपर्यंत गेली नाही.

घरी आल्यावर जेवताना अक्कानं आबांना विचारलं, "ते राखनं वावर मी कसू का?"

आबांनी घास तोंडात ठेवला, चावला, गिळला. मग म्हणाले, "कस. पन तठे काय उगनार शे?"

"नही उगनं ते नही उगनं," अक्का म्हणाली.

भाऊ हसले. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिलं. लहान मुलीनं मातीची भाकरी करू का विचारावं आणि बापानं कर म्हणावं, तसं ते हसणं होतं.

पहिल्या वर्षी तिनं ढीग ओढून रान सपाट केलं, धुमसणाऱ्या ढिगावर नदीचं पाणी ओतून ओतून तो विझवला आणि पावसाच्या तोंडाला बाजरी पेरली. बाजरी उगवली, बोटभर झाली आणि पिवळी पडून जळाली. पाऊस पडला की राखेवर पापडासारखा थर धरायचा, खालचं बी वर येऊ शकायचं नाही. ऊन पडलं की तो थर तडकायचा आणि वारा त्याची भुकटी घेऊन गावात यायचा. लोक आमच्या दारात येऊन म्हणायचे, निदान ढीग होते तेव्हा राख बसून तरी होती. अक्का ऐकून घ्यायची. दुसऱ्या वर्षी तिनं युरियाचं पोतं टाकून बघितलं. त्यानं बाजरी हातभर झाली आणि मगच जळाली.

मला वाटलं आता ती सोडेल. पण त्या वर्षी आमच्या भागात एक नवा कृषी सहायक आला होता. नाशिककडचा, चष्मेवाला, सायकलवर फिरणारा. भाऊंनी त्याला चहाला बोलावलं होतं, कारण भाऊंच्या मनात खताचं दुकान टाकायचं होतं. चहा घेऊन मी गेले तेव्हा अक्का दाराआडून म्हणाली, "त्या सायबले इचार ना, राखमा काय करनं ते." मी विचारलं. भाऊ म्हणाले, "अहो, ती आमची राख..." पण तो माणूस कप खाली ठेवून उठला आणि म्हणाला, दाखवा.

त्यानं राख हातात घेतली, ओली करून चोळली, कागदात बांधून धुळ्याला तपासायला नेली. परत येऊन अक्काला समोर बसवून समजावलं. राखेत पाणी धरायची ताकद आहे, पण जीव नाही. जीव बाहेरून आणावा लागेल. तळ्यातला गाळ, शेण, पालापाचोळा. पहिली दोन वर्षं खायचं पीक घ्यायचंच नाही. ताग पेरायचा आणि फुलावर आला की मातीत गाडायचा. रान उघडं ठेवायचं नाही, वर सतत काहीतरी झाकण पाहिजे. नांगर शक्यतो नकोच. बांधांवर झाडं लावायची म्हणजे वारा अडेल. आता अशा शेतीला मोठमोठी नावं आहेत, तापत्या हवेवरचा उपाय म्हणून तिच्यावर भाषणं होतात. त्या माणसानं एकही मोठा शब्द वापरला नव्हता. अक्कानं त्याला तेच तेच पुन्हा विचारलं आणि त्यानं ते पुन्हा सांगितलं.

गाळ आणणार कोण? दोंडाईच्याला एक गाडीवाले चाचा होते. त्यांनी सारी उमर स्टेशनातून कारखान्यात कोळसा वाहिला होता. कारखाना बंद झाल्यापासून त्यांची बैलजोडी नुसती उभी होती. अक्कानं त्यांना निरोप धाडला. उन्हाळ्यात गावतळं आटलं की ते गाळाच्या खेपा टाकू लागले. गाडीच्या फळ्या इतक्या काळ्या की पहिल्या खेपांचा गाळ कुठला आणि कोळसा कुठला कळेना. मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बैल को क्या बेटी, कोयला भी वजन, माटी भी वजन." पैशांऐवजी ते आमच्याकडून बैलांना कडबा न्यायचे, आणि अक्का त्यांच्या घरी ताक पाठवायची.

झाकणासाठी अक्काची नजर कापसाच्या काड्यांवर गेली. आमच्याकडे वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, निम्म्या चुलीला ठेवायच्या आणि उरलेल्या शेतातच पेटवायच्या. संक्रांतीनंतर चारी दिशांना धूर दिसायचा. अक्का लोकांच्या बांधावर जाऊन म्हणायची, जाळू नका, मला द्या. लोक देत, कारण जाळण्याचा त्रास वाचायचा, पण हसतही. तेवढ्यावर भागेना, तेव्हा तिनं घरच्या चुलीसाठी रचलेल्या काड्याही न्यायला सुरुवात केली. त्यावरून माझं आणि तिचं मोठं भांडण झालं. माझ्या कडेवर तेव्हा मोठी मुलगी होती. स्वयंपाकाला सरपण नाही. मी म्हणाले, "अक्का, त्या राखेला जेवू घालायचं की घरातल्यांना?" दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठून नदीकाठची वेडी बाभूळ तोडून घेऊन आली आणि भारा माझ्यासमोर टाकला. तिच्या दोन्ही हातांना काटे लागले होते. मी सुई घेऊन तिच्यासमोर बसले आणि काटे काढले. त्या दिवसापासून मीही तिच्याबरोबर जायला लागले.

माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं कोणती असं कोणी विचारलं तर मी तीच सांगेन, आणि ती आठवताना माझं तोंड कडू होतं. आम्ही दोघी दुपारची घरकामं उरकून जायचो. बांधावर कडुनिंब, शेवगा आणि हादगा लावला. हादगा भराभर वाढला. तागाला पिवळी फुलं आली तेव्हा ती मला म्हणाली, गावात सांगू नको, लोक म्हणतील फुलं आल्यावर गाडतात, वेड्या आहेत. आम्ही ताग आडवा पाडला, वर काड्या पसरल्या, वर गाळ. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एकदा पाऊस उघडल्यावर मी काड्यांचा थर उचलून पाहिला तर खाली गांडूळ होतं. एकच. अक्कानं ते तळहातावर घेतलं, नीट पाहिलं आणि परत ठेवलं. त्यानंतर कितीतरी वेळ ती त्या जागेवर उभी राहिली.

मग मूग झाला. मग बाजरी झाली, कणसं लहान, पण दाणा भरलेला. मग वांगी, मिरची आणि बांधावर शेवग्याच्या शेंगा. गावावर राख उडायची थांबली. हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. बायका पुन्हा धुणी संध्याकाळी काढायला लागल्या एवढंच.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. गावातली काळी रानं भेगाळली, विहिरी तळाला गेल्या. आमच्या राखेच्या वावरात मात्र काड्यांच्या थराखाली हात घातला तर ओल लागायची. राख पाणी धरते, त्या साहेबानं सांगितलं होतं ते खरं होतं. हादग्याचा पाला आणि गवत यांवर आमचीच नव्हे, आजूबाजूच्या चार घरांची गुरं जगली. लोक अक्काकडे येत आणि ती मोजून मापून, कोणाला नाही न म्हणता, पाला कापून द्यायची. चाचांचे बैलही त्यावरच निभावले.

तेव्हा वावर बघायला माणसं यायला लागली. आधी तालुक्यातली, मग धुळ्याहून जीप भरून. आमच्या ओट्यावर सतरंजी टाकली जाई. सातबारा आबांच्या नावावर आणि आबा आता थकलेले, म्हणून बोलायला भाऊ बसत. आम्ही दोघी आत स्वयंपाकात. भाऊंना एव्हाना सगळं पाठ झालं होतं. मी आतून ऐकायचे. "पहिल्या वर्षी मी बाजरी पेरली, ती जळाली. मी म्हटलं, हरायचं नाही." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवग्याची भाजी आणि वांग्याचं भरीत पाहुण्यांना फार आवडायचं. एकदा एकानं विचारलं की हे भरीत कुठल्या वांग्याचं, तर भाऊ म्हणाले, आपल्याच वावरातलं. तेवढं एक त्यांनी खरं सांगितलं.

धुळ्याला कुठल्याशा मेळाव्यात भाऊंचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि लाकडी पाटीवर चिकटवलेलं पितळी बैलाचं चित्र. तोपर्यंत त्या चष्मेवाल्या कृषी सहायकाची बदली झाली होती. तो असता तर काही बोलला असता असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. आता वाटत नाही. भाऊंनी शाल अक्काच्या हातात दिली आणि म्हणाले, थंडीत वापर. अक्कानं ती खरोखरच वापरली. मी तिला म्हणाले, "तुम्हाला राग येत नाही का?" ती म्हणाली, "शाल गरम शे."

आबा गेले. तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी भाऊंनी सांगितलं की शिंदखेड्याला जायचंय, वारस लावायचे आहेत, अक्काला आणि शिरपूरच्या धाकट्या बहिणीला सह्या कराव्या लागतील. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात. न सोडणारी बहीण मी तोवर पाहिली नव्हती. न सोडलं तर माहेर तुटतं. धाकटी तिचं घरदार असलेली, तिला प्रश्न नव्हता. पण अक्काचं माहेर हेच तिचं घर होतं, आणि ते वावर सोडलं तर तिच्याकडे काय उरणार होतं?

आदल्या दिवशी आम्ही दोघी वावरातच होतो. मी म्हणाले, "अक्का, सही करा. पण राखेचं वावर तुमच्या हयातीपर्यंत तुम्ही कसाल, एवढं कागदावर लिहून घ्या. भाऊ नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर सही करू नका."

ती हातातला विळा थांबवून माझ्याकडे बघायला लागली. "भाऊ शे तो मना. त्याले काय कागद मांगू?"

मग मी रात्री नवऱ्याला सांगितलं. त्यानं कूस बदलली आणि म्हणाला, "घरात फूट पाडू नकोस." सकाळी मी स्वतः भाऊंना तेच सांगितलं. ओट्यावर, सगळ्यांसमोर, पदर डोक्यावर घेऊन. भाऊ रागावले नाहीत. ते अक्काकडे वळून म्हणाले, "अक्का, तू काय परकी शेस का? ते वावर तुनंच शे." अक्काचा चेहरा उजळला. तहसील कचेरीत तिनं अंगठा दिला. येताना भाऊंनी आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. भाऊंचं खताचं दुकान दोंडाईच्यात चांगलं चाललं होतं. गावात सिमेंटची घरं उठायला लागली होती, विटांना मागणी होती. एक भट्टीवाला भाऊंच्या दुकानावर बसायला यायचा. विटा थापताना मातीत कोळशाची राख आणि भुकटी मिसळली की वीट आतून सारखी भाजते आणि सरपण कमी लागतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्या वावरात वर गाळाची गोड माती, खाली पुरुषभर राख, मधून कोळसा. भट्टीवाल्याच्या दृष्टीनं ते तयार मिश्रण होतं. जमीन त्याला नको होती. फक्त माती आणि राख उपसायचा करार हवा होता. उपसून झालं की जमीन परत.

भाऊंनी हे आम्हाला सांगितलं ते जेवताना. माझ्या नवऱ्याच्या वाट्यालाही त्यातले पैसे येणार होते आणि तो आधीच हो म्हणाला होता. अक्का वाढत होती. तिच्या हातात आमटीचं पातेलं होतं.

"बठ्ठं खोदी टाकशात का?" तिनं विचारलं.

"खाली जुनी काळी माती आहे ना, तूच सांगायचीस," भाऊ म्हणाले. "राख निघाली की ती वर येईल. तुझंच काम सोपं होईल."

मी म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द वावराचा दिला होता. वावर कुठं जातंय? राख जातेय."

अक्कानं पातेलं चुलीजवळ ठेवलं. हात धुऊन तिनं सगळ्यांची ताटं उचलली. ती आता काहीतरी बोलेल असं मला सारखं वाटत होतं, आणि भाऊंनाही वाटत असावं, कारण ते बराच वेळ उठले नाहीत.

सकाळी मी उठले तेव्हा ती घरात नव्हती. कुऱ्हाडही नव्हती. मी धावत वावरात गेले. तिनं हादग्याची दोन झाडं पाडली होती आणि तिसऱ्यावर घाव घालत होती. मी म्हणाले, "अक्का, काय करताय?" ती थांबली नाही. घाव घालता घालताच म्हणाली, "ढोरेसले टाकसू. त्यास्नी मशीन येई तवय हाई मातीमाच जाई." मी तिच्या हातातून कुऱ्हाड घ्यायला गेले तर तिनं मला ढकललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग मी खाली बसून फांद्या सोडवायला लागले. दुपारपर्यंत आम्ही हादगा आणि शेवगा सगळा पाडला. कडुनिंब तिनं ठेवले. ते तुटण्यातले नव्हते आणि तिच्यात बळ उरलं नव्हतं. चाचांचा मुलगा गाडी घेऊन आला आणि पाला ज्यांच्या ज्यांच्या दारी गुरं होती तिथे टाकून आला. भाऊंना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, बरं झालं, मजुरी वाचली.

त्याच आठवड्यात ती शिरपूरला धाकट्या बहिणीकडे गेली. एक पत्र्याची पेटी आणि एक गोधडी. शाल इथेच ठेवली. एसटी यायला वेळ होता. मी रडत होते. ती म्हणाली, "तू नको रडू. मी काय मरी गयी का?" आणि पदराच्या गाठीतून शेवग्याच्या बिया काढून माझ्या मुलीच्या हातात दिल्या. त्या मी परसात लावल्या. एकही उगवली नाही. माझ्या हाताला तो गुण नाही.

यंत्र आलं. वरची माती एका बाजूला, राख दुसऱ्या बाजूला, ट्रक दिवसभर. वाऱ्याबरोबर पुन्हा राख गावात यायला लागली. लोक पुन्हा आमच्या दारात आले, पण भाऊ आता मोठे माणूस होते, त्यामुळे चहा पिऊन गेले. खालची काळी माती काही वर आली नाही. तीसुद्धा विटांना चांगली होती, आणि करारात किती खोल जायचं हे लिहिलेलं नव्हतं. मुरूम लागला तेव्हा भट्टीवाला थांबला. एका बांधावरचे कडुनिंब मुळं उघडी पडून कलले आणि पुढच्या वादळात खड्ड्यात गेले.

त्याच भट्टीच्या विटांचं आमचं नवं घर झालं. दोन भावांचे दोन भाग, मध्ये एक भिंत. मी अजून त्याच घरात राहते. विटा चांगल्या भाजलेल्या आहेत. कुठे ओल येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सरकारची पडीक जमिनीवर झाडं लावण्याची काहीतरी योजना आली. रोपं मिळणार, मजुरी मिळणार, पण आधी जमीन तयार केलेली दाखवावी लागणार होती. भाऊंना खड्डा आठवला, आणि खड्ड्यामुळे अक्का आठवली. मला म्हणाले, "तुझं ती ऐकेल. चल माझ्याबरोबर." मी गेले ते खड्ड्यासाठी नाही. अक्काला बघून वर्ष होऊन गेलं होतं म्हणून गेले.

शिरपूरला धाकट्या नणंदेच्या घरामागे थोडी जागा होती. तिथे अक्का खुरपत होती. भेंडी, गवार, एका कडेला मिरची, आणि रोपांच्या बुडाशी उसाचं वाळलेलं पाचट पसरलेलं. अक्का बरीच वाळली होती, केस सगळे पांढरे. मला पाहून उठली, माझ्या गालावरून मातीचा हात फिरवला. भाऊंना पाणी दिलं. त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

भाऊंनी विषय काढला. बोलताना त्यांनी तिचं कौतुकही केलं, माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच. "तुला जे जमलं ते कोणालाच जमलं नाही अक्का. तूच ते पुन्हा उभं करू शकतेस. घर मोठं झालंय, तुला वेगळी खोली देतो."

अक्कानं ऐकून घेतलं. मग दोन्ही हात पुढे करून त्या हातांकडेच पाहिलं आणि म्हणाली, "मना हात आते चालतस नही, भाऊ."

हातांना ओली माती लागलेली होती. भाऊंनी ती पाहिली. मीही पाहिली. तिनं आम्हाला जेवू घातलं, निघताना मला पिशवीभर भेंडी दिली.

परतीच्या एसटीत भाऊ बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं घरात ठेवलं. माणसं विसरतात बघ."

मी म्हणाले, "कोण विसरलं, भाऊ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं. योजनेची रोपं आली, खड्ड्यात लागली, फोटो निघाला आणि उन्हाळ्यात सगळी वाळली. अक्का त्यानंतर तीन-चार वर्षांनी शिरपुरातच गेली. भाऊ मातीला आले होते. लोकांना सांगत होते, आमच्या अक्काला शेतीचं फार वेड.